सोमवारकर

सोमवारकर मंडळी कोकणात सापडतात, देशावर सापडतात, विदर्भात सापडतात आणि हल्ली न्यू जर्सीतही भरपूर आहेत. जन्माचं आडनाव जोशी असो, शेख असो वा गायकवाड, डाएट सुरू करायचं ठरलं की माणूस सोमवारकर होतो. मंगळवारी डाएट सुरू केलेला इसम अजून कुणाच्या पाहण्यात नाही. बुधवारी सुरू करावं तर शुक्रवारी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस निघतो. शनिवारी मिसळ, रविवारी मटण किंवा आमरस. आणि रविवारची रात्र? उद्यापासून काही मिळायचं नाही, या भावनेने माणूस जेवतो तेव्हा कसा जेवेल! आठवड्यातलं सगळ्यात भरगच्च जेवण सोमवारकर डाएटची पूर्वतयारी म्हणून घेतात.

यात ते एकटे नाहीत. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी अमेरिकेतले गूगलवरचे शोध तपासून २०१४ साली निबंध लिहिला. ‘डाएट’ या शब्दाचा शोध आठवड्याच्या सुरुवातीला सुमारे १४ टक्क्यांनी आणि वर्षाच्या सुरुवातीला तब्बल ८२ टक्क्यांनी वाढलेला त्यांना दिसला. कोरी पाटी मिळाली की माणसाला हुरूप येतो. अमेरिकन माणसाला बिचाऱ्याला नवं वर्ष एकच. सोमवारकरांकडे १ जानेवारी आहे, गुढीपाडवा आहे, दिवाळीतला पाडवा आहे, बँकेत नोकरी असल्यामुळे १ एप्रिलही आहे. मुहूर्तांचा तुटवडा त्यांना कधी पडलेला नाही. फक्त या चारांपैकी दोन दिवशी घरात गोडधोड असतं आणि १ जानेवारीला आदल्या रात्रीचं बरंच काही उरलेलं असतं.

आपल्या ओळखीचे सोमवारकर पन्नाशीच्या अलीकडचे. उंची पाच फूट सहा इंच, वजन ‘ऐंशीच्या पुढेमागे’. यातलं ‘मागे’ त्यांच्या लग्नातलं आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी खिन्नता असते ती त्यांच्यापाशी औषधालाही नाही. मोबाइलच्या स्टेटसवर रोज सकाळी उगवता सूर्य आणि खाली निर्धाराचं एखादं वाक्य. कपाटात छत्तीस कमरेची पँट, लेबलासकट, कारण ‘आता त्यात बसायचंच आहे, तर आधी घेऊन ठेवलेली बरी.’ हॉलमध्ये सायकल आहे, जागेवरच चालणारी. वहिनी तिच्यावर नॅपकिन वाळत घालतात. सोमवारकरांना त्याचंही काही वाटत नाही. “अहो, निदान नजरेसमोर तरी राहते,” म्हणतात.

वजन करण्याचा त्यांचा विधी पाहण्यासारखा असतो. पहाटे, पोट रिकामं झाल्यावर, अंघोळीच्या आधी. घड्याळ काढायचं, चष्मा काढायचा. मग आकडा दिसत नाही, म्हणून मुलीला हाक मारायची. तिने ८८.४ म्हटलं की काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवायचा. तिथे ८८.१ भरलं, तर ती फरशी खरी. पूर्वी रेल्वे स्टेशनांवर रंगीत दिव्यांची वजनयंत्रं असायची. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. तरुणपणी सोमवारकर तिकिटाची मागची बाजू आधी वाचत. ‘लवकरच तुमचा उत्कर्ष होईल’ असं आलं की पुढच्या बाजूचा आकडा त्यांना तितकासा टोचत नसे. सकारात्मकतेचे संस्कार त्यांच्यावर रेल्वेने केले, असं म्हणायला जागा आहे.

पहिला आठवडा मात्र त्यांचा असतो, हे कबूल करायला हवं. भात बंद, पोळ्या दोन, साखर बंद. पुढच्या सोमवारी काटा अडीच किलो खाली! शरीर साखरेचा राखीव साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्यातल्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिष्ट पदार्थ तोडले की आधी हा साठा खर्ची पडतो आणि त्याच्याबरोबर पाणी निघून जातं. एक किलो चरबी जाळायची तर सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते, ती आठवडाभराच्या दोन पोळ्यांत कुठून येणार? पण सोमवारकरांनी तोवर त्रैराशिक मांडलेलं असतं. आठवड्याला अडीच, महिन्याला दहा, दिवाळीपर्यंत तीस. याच वेगाने पुढच्या मार्चमध्ये घरात फक्त चष्मा उरेल, हे गणित मुलगी पूर्ण करून दाखवते. दुसऱ्या आठवड्यात तीनशे ग्रॅम उतरतात, तिसऱ्यात दोनशे चढतात. “स्नायू वाढले असणार,” सोमवारकर म्हणतात.

ज्ञानाच्या बाबतीत त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. २००८ साली ‘टशन’च्या वेळी करीना कपूरची ‘साइझ झीरो’ गाजली आणि तिच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर घराघरांत पोचल्या. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला भिऊ नका, घरचा वरणभात सोडू नका. सोमवारकरांना एवढं पटलेलं शास्त्र दुसरं नव्हतं. मग दहाएक वर्षांनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची लाट आली. दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. मुळात ही पद्धत नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, दीक्षितांनी ती गावोगाव नेली. त्या काळात लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत जिलेबी खायचा, तो दीक्षितवाला. कुटुंबं दुभंगली, दोन तासवाले आणि दोन वेळवाले. सोमवारकरांचा स्वभाव समन्वयवादी. त्यांनी दोन्ही केलं. दोन वेळा दीक्षितांप्रमाणे ५५ मिनिटं पुरेपूर वापरून आणि मधल्या वेळात दिवेकरांप्रमाणे दर दोन तासांनी. दीक्षितांनी रोज ४५ मिनिटं चालायलाही सांगितलं होतं. ते वाक्य आलं तेव्हा बहुधा आत मिक्सर चालू होता.

शिवाय उपास आहेत. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी केली त्यांना आहारशास्त्र कळत होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, कोरड्या शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. त्यात दाण्याचं कूट, बटाटा, तूप आणि वर दही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ बऱ्याच मराठी माणसांना अर्धामुर्धा पाठ असतो. सोमवारकरांना पूर्ण पाठ आहे, ते तो गच्चीवरच्या कार्यक्रमात साभिनय म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी चतुर्थी असली की वहिनींना विचारतात, “खिचडीला दाणे जरा जास्त घालशील का? प्रोटीन.”

आता कुणी म्हणेल, हा माणूस खोटं बोलतो. तसं नाही, इथेच त्यांची गंमत आहे. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला होता. ‘आम्ही दिवसाला १,२०० कॅलरींपेक्षाही कमी खातो, तरी वजन उतरत नाही,’ असं सांगणारी माणसं डॉक्टरांनी तपासली. त्यांच्या चयापचयात काही खोट निघाली नाही. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. बहुतेकांचा आपल्या सांगण्यावर मनापासून विश्वास होता. सोमवारकरांचाही असतो. मोबाइलच्या अॅपमध्ये ते न चुकता नोंद करतात, ‘पोळी २, भाजी, वरण’. ऑफिसातले पाच चहा त्यात नसतात, कारण चहा प्यायचा असतो, खायचा नसतो. मुलीच्या ताटातलं उरलेलं त्यात नसतं, कारण ते अन्न वाया जाऊ नये म्हणून. उभ्याने खाल्लेलंही नसतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चिवड्याचे चार बकाणे भरले, तर ते नक्की कोणत्या जेवणात धरायचे, याला अॅपमध्ये रकाना नाही.

चालण्याचंही तेच. रोज दहा हजार पावलं हे व्रत त्यांनी घड्याळ घेतल्या दिवसापासून धरलं होतं. मग कुठेतरी वाचलं की हा आकडा मुळात वैद्यकाचा नव्हेच. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि दहा हजार हा गोल आकडा त्याच्या नावातच घालून टाकला. सोमवारकरांनी दुसऱ्या दिवसापासून व्रत सोडलं. पुढे २०१९ साली आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा जास्त लाभ दिसला नाही. सोमवारकरांनी तडक ४,४०० हे लक्ष्य धरलं. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ७२ होतं, एवढी बाब त्यांनी नजरेआड केली.

सकाळी बागेत ते जातात, नाही असं नाही. तिथे हास्यक्लब आहे. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलेला हा प्रकार आता जगभर गेला आहे. हात वर करून हसायचं, टाळ्या वाजवत हसायचं, सिंहासारखी जीभ काढून हसायचं. सोमवारकर त्यात अव्वल. दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्यात दहा ते चाळीस कॅलरी खर्च होतात, असं अमेरिकेतल्या एका प्रयोगात मोजलं गेलं आहे. बागेच्या दारातल्या वडापावात तीनशेच्या आसपास असतात. हिशोब बसायचा तर मंडळींना सव्वा तास तरी पोट धरून हसावं लागेल, आणि इतकं हसून झाल्यावर एका वड्यावर कुणाचं भागतं?

त्यांच्या बरोब्बर उलट माणूस वरच्या मजल्यावर राहतो, नाना. नानांच्या तोंडून चांगला शब्द निघालेला सोसायटीत कुणी ऐकलेला नाही. नळाला पाणी आलं तर ‘जाईल’, पाऊस थांबला तर ‘येईल’. निवृत्तीच्या वर्षी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा नाना म्हणाले, “काही होणार नाही. पण सांगितलंय तर चालतो.” तेव्हापासून रोज सकाळी पावणेसहाला निघतात. पाऊस आला तर पार्किंगमध्ये फेऱ्या, असं आधीच ठरलेलं. कुणाकडे पेढे आले तर अर्धा, तोही घरी नेऊन, हेही ठरलेलं. लग्नाला जायचं तर निघण्यापूर्वी ताकभाकरी. दर रविवारी वजन करतात आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवतात. दोन वर्षांत चौदा किलो उतरले. कौतुक केलं तर म्हणतात, “परत चढेल.”

सोमवारकरांना नानांची कीव येते. एवढ्या नकारात्मक विचारांनी शरीरावर काय परिणाम होत असेल!

गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाई सोमवारकरांना भेटल्या असत्या तर दोघांचं जमलं नसतं. १९९१ साली त्यांनी थॉमस वॉडन यांच्याबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन उतरवण्याच्या उपक्रमात आलेल्या २५ स्त्रियांना त्यांनी दोन निरनिराळ्या गोष्टी विचारल्या होत्या. एक, तुम्हाला हे जमेल असं वाटतं का? आणि दोन, उपक्रम संपलाय, मैत्रिणीला भेटायला निघाला आहात, तर डोळ्यांपुढे काय येतं? वर्षभरानंतर पाहिलं तर ‘जमेल’ म्हणणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं होतं. पण ज्यांच्या डोळ्यांपुढे गुलाबी चित्र उभं राहिलं होतं, त्यांचं इतरांहून सुमारे अकरा किलोंनी कमी उतरलं. भरवसा कामाला येतो, दिवास्वप्न पाय ओढतं. पुढे २०११ साली हेदर कॅप्स यांच्याबरोबर त्यांनी असंही दाखवलं की सुखस्वप्नात रमलेल्या माणसाचा रक्तदाब थोडा उतरतो, अंगातली धावपळ निवते. मनाने आपण पोचलेलोच असतो, मग पायांनी कशाला उठायचं? छत्तीस कमरेच्या पँटचं रहस्य ते हे. ती घेतली त्याच दिवशी सोमवारकर बारीक झाले होते.

ओटिंगेनबाईंचा उपाय नानांना कुणी न शिकवता येतो. स्वप्न बघा, पण लगेच आड येणारा धोंडाही बघा, आणि तो आला तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. ‘असं झालं तर तसं करीन’ या धर्तीच्या संकल्पांवर पीटर गोल्विट्झर यांचं मोठं काम आहे, आणि ते ओटिंगेनबाईंचे यजमान. त्या घरात पाहुण्यांनी आणलेल्या केकचं काय होतं, कळायला मार्ग नाही.

पण सोमवारकरांची निव्वळ चेष्टा करून भागणार नाही. शरीर स्वतःच त्यांच्या विरोधात कारस्थान करतं, हे खरं आहे. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी स्पर्धेतल्या १४ जणांचा केविन हॉल यांनी सहा वर्षं मागोवा घेतला. २०१६ साली निष्कर्ष आले. बहुतेकांचं वजन पुष्कळसं परत चढलं होतं आणि त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. सहा वर्षं उलटली तरी! म्हणजे जगासमोर घाम गाळून उतरवलेल्या माणसाशीही शरीर दावा मांडून बसतं. वजन चढलेल्या माणसाला आळशी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा.

आणि सोमवारकरांचा एक गुण नानांकडे खरोखर नाही. ते पडले की उठतात. गणपतीत पहिला मोदक खाल्ला की ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून पुढचे सहा जातात. हा सार्वत्रिक रोग आहे. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या प्रयोगात, एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला तेव्हा त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी खायचं तर जास्तच खाल्लं. अशा दिवसानंतर बरीच माणसं स्वतःला शिव्या घालत कायमची सोडून देतात. सोमवारकरांना अपराधीपणा ठाऊक नाही. अनंत चतुर्दशीला विसर्जन आटोपलं की ते कॅलेंडर काढतात. त्यांच्या मनाला काहीच लागत नाही, हा त्यांचा दोष आहे आणि हीच त्यांची शक्तीही.

यंदा खरोखर चार किलो उतरले. कसे उतरले, कुणाला कळलं नाही. सोमवारकरांनाही नाही. वहिनींनी तेलाची बरणी बदलली होती आणि ऑफिसची लिफ्ट तीन महिने बंद होती. गावाहून आई आल्या होत्या. “किती वाळलास रे!” म्हणून त्यांनी डिंकाचे लाडू केले, तरीही उतरले. फॅमिली डॉक्टर खूश झाले. शुगर काठावर होती ती मागे सरकली होती. सोमवारकरांचं तोंड मात्र पडलं. त्यांना पंचवीस हवे होते. पेनसिल्व्हेनियातल्या गॅरी फॉस्टर यांनी १९९७ साली ६० स्त्रियांना हेच विचारलं होतं. किती उतरलं तर चालेल? ध्येय निघालं वजनाच्या ३२ टक्के. १७ किलो उतरणं म्हणजे त्यांच्या लेखी निराशा होती. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले, म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने उत्तम, आणि जवळजवळ निम्म्या बायकांना निराशेचा आकडाही गाठता आला नाही.

डॉक्टरांनी त्यांची समजूत काढताना चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाचा दाखला दिला. २००६ साली प्रसिद्ध झालेला, ५३१ भारतीयांवरचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आहार आणि हालचाल सुधारली, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि वजन तर जवळजवळ उतरलंच नव्हतं.

सोमवारकरांचे डोळे चमकले. जिना चढतानाच त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘वजन कमी न करताही मधुमेह टळतो! भारतीय संशोधन!!’ खाली हास्यक्लबवाल्यांचे अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. नानांनी विचारलं, “त्या लोकांना रोज अर्धा तास चालायला लावलं होतं, ते वाचलंस का?”

सोमवारकरांनी शांतपणे उत्तर टाइप केलं, “नाना, चांगलं तेवढं घ्यावं,” आणि आत डोकावून वहिनींना विचारलं, “अगं, आईने केलेले लाडू संपले का गं सगळे?”